'नाइट'मधला मुका 'के' : इंग्रजी स्पेलिंग असं का झालं?

वेलांटी

बी-यू-टी 'बट', मग पी-यू-टी 'पट' का नाही, यावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हसून झालंय. उत्तर सहसा कोणी देत नाही. उत्तर आहे, आणि ते गमतीचं आहे, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी स्पेलिंग बेशिस्त नाही, शिळं आहे. त्याचा बराचसा भाग पंधराव्या शतकात लंडन-वेस्टमिन्स्टरच्या कारकुनांनी बसवला. कागद तिथेच थांबला, जीभ पुढे गेली.

'नाइट' घ्या, सरदार या अर्थाचा. के-एन-आय-जी-एच-टी. यातलं एकही अक्षर शोभेचं नव्हतं. जुन्या इंग्रजीत याचा उच्चार साधारण 'क्निख्त' आणि अर्थ पोऱ्या, चाकर. जर्मनमधला 'क्नेख्त' अजून चाकरच राहिला, इंग्रजांनी त्याला घोड्यावर बसवलं. 'ख'सारखा घशातला आवाज सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत दक्षिणेकडच्या बोलण्यातून गेला, सुरुवातीचा 'क्' सतराव्या शतकाच्या अखेरीस सुटत गेला, मधल्या 'ई'चा 'आइ' झाला. तीनही बदल झाले तेव्हा स्पेलिंग आधीच ठरून गेलेलं होतं.

आता क्रमाने. ४१०च्या सुमारास ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली. पुढच्या दीडदोन पिढ्यांत आजचा डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट टोळ्या येत राहिल्या. बीड या भिक्षूने ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात ४४९च्या आसपासचा काळ दिला आहे, तोच पाठ्यपुस्तकांत ठोक साल म्हणून उतरला. अँगलांवरून 'इंग्लिश'. या भाषेचं सर्वांत जवळचं भावंड जर्मन नव्हे. नेदरलँड्स आणि जर्मनीच्या किनाऱ्यावर उरलेली फ्रिजियन.

आधी लिपी रूनची, म्हणजे या टोळ्यांच्या जुन्या कोरीव अक्षरांची. ५९७ मध्ये ऑगस्टीनची ख्रिस्ती मोहीम केंटमध्ये उतरली आणि रोमन अक्षरं आली. ती पुरेनात. मग 'थ'साठी थॉर्न आणि 'व'साठी विन ही दोन अक्षरं रूनमधून उचलली, 'डी'ला आडवी रेघ मारून एथ केलं, ए आणि ई चिकटवून अ‍ॅश केलं. तेव्हाचे लोक बोलत तसं लिहीत. मुकं अक्षर हा प्रकारच नव्हता.

घोळ १०६६ नंतर सुरू होतो. फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेले नॉर्मन जिंकले, लेखनिक फ्रेंच वळणाचे झाले. सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू आलं, म्हणून 'क्वीन'. 'हूस' म्हणजे घर, ते एच-यू-एस लिहीत. फ्रेंच सवयीने 'ऊ'साठी ओ-यू आलं. 'निख्त' म्हणजे रात्र, एन-आय-एच-टी. त्यात जी घुसला. 'चिल्ड' आधी नुसत्या सी-ने लिहीत, तिथे सी-एच आलं.

आणि एक भानगड निव्वळ हस्ताक्षराची. त्या काळच्या टोकदार लिपीत आय, एन, एम, यू ही अक्षरं म्हणजे शेजारीशेजारी उभ्या काड्या. 'सुनु' (मुलगा) लिहिलं तर मध्ये नुसतं कुंपण दिसे. वाचायला सोपं जावं म्हणून लेखनिक अशा जागी यू-चा ओ करू लागले. 'सन', 'लव्ह', 'कम', 'वंडर', 'मंक' या सगळ्यांत ओ आहे तो म्हणून. मोडीचे कागद लावणाऱ्यांना हे लगेच पटेल.

स्वरांच्या सरकासरकीबद्दल लिहायचं राहिलं. खडूफळा, तुम्ही लिहाल का?

खडूफळा

लिहितो. 'महास्वरांतर' म्हणू या. मूळ नाव 'ग्रेट व्हाउल शिफ्ट', ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने दिलेलं. काळ ढोबळमानाने १४०० ते १७००. फक्त दीर्घ स्वर हलले, ऱ्हस्व बऱ्यापैकी जागेवर राहिले. म्हणून 'बिट' तसाच, 'बाइट' बदलला.

तोंडात जीभ जितकी वर, तितका स्वर 'उंच'. खालचा 'आ' वर सरकून 'ए' झाला, 'ए'चा 'ई' झाला, 'ओ'चा 'ऊ' झाला. सगळ्यांत वरच्या 'ई' आणि 'ऊ'ना वर जायला जागाच नव्हती. ते फुटले आणि 'आइ', 'आउ' असे जोडस्वर झाले. प्रत्यक्षात: 'ग्रेन'चा 'ग्रीन', 'फोड'चा 'फूड', 'बीट'चा 'बाइट', 'हूस'चा 'हाउस'.

मराठी माणसासाठी सर्वांत सुंदर उदाहरण 'नेम'. चौदाव्या शतकात त्याचा उच्चार होता 'नाम', शेवटी किंचित 'अ'. शेवटचा 'अ' गळाला, अगदी आपण संस्कृत नाम-चा 'नाम्' केला तसाच. तो लिहायचा ई मात्र राहिला आणि पुढे 'आधीचा स्वर दीर्घ आहे' एवढं सांगायची खूण बनला. शाळेत ज्याला सायलेंट ई म्हणतात तो हाच.

कोणी कोणाला ढकललं यावर वाद आहे: वरच्यांनी जागा सोडली म्हणून खालचे सरकले, की खालच्यांनी रेटलं म्हणून वरचे फुटले? 'ओ-ऊ'च्या बाजूला रेट्याचा एक चांगला पुरावा स्कॉटलंडमध्ये आहे. तिथे आणि उत्तर इंग्लंडमध्ये 'ओ' आधीच तोंडाच्या पुढच्या बाजूला सरकला होता. म्हणजे 'ऊ'ला खालून रेटणारं कोणी उरलंच नाही. परिणाम? स्कॉट माणूस आजही घराला 'हूस' म्हणतो.

शेवग्याची_शेंग

मस्त धागा. पण बट-पुटचं काय झालं? आणि डबल ओ-चे तीन उच्चार कसे? 'फूड', 'गुड', 'ब्लड'. शिकवण्या घेताना मुलं हेच विचारतात.

खडूफळा

दोन्हींचं उत्तर एकच आहे.

सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व 'उ'चा 'अ' झाला. 'कुप'चा 'कप', 'बुट'चा 'बट'. पण ओठांनी काढायच्या व्यंजनांनंतर (प, ब, फ, व) बऱ्याच शब्दांत तो अडकला, कारण ओठ आधीच गोल असतात: 'पुट', 'पुश', 'पुल', 'बुल', 'फुल', 'वुल्फ'. नियम पक्का नाही. 'बट'मध्येही ब आहेच, तरी तो निसटला. उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल झालाच नाही, तिथे ठेठ बोलीत 'कुप' आणि 'बुट'च ऐकू येतं. त्यांना आपला विनोद कळणार नाही.

डबल ओ-चं असं: तिन्ही शब्दांत आधी दीर्घ 'ओ', मग स्वरांतराने दीर्घ 'ऊ'. 'ब्लूड'मधला ऊ लवकर ऱ्हस्व झाला, वरच्या 'उ'चा 'अ' होण्याच्या लाटेत सापडला, 'ब्लड' झाला. 'फ्लड'चंही तेच. 'गूड'चा ऊ उशिरा ऱ्हस्व झाला, लाट निघून गेली होती, म्हणून 'गुड'. 'फूड' ऱ्हस्व झालाच नाही. मुलांना सांगताना गाडीची उपमा द्या: ब्लडला गाडी मिळाली, गुडची चुकली, फूड घराबाहेरच पडला नाही.

टाकबोरू

वेलांटी, 'एकही अक्षर शोभेचं नव्हतं' हे 'नाइट'पुरतं बरोबर. सगळीकडे लावू नका. काही मुकी अक्षरं कधीच बोलली गेली नव्हती, पंडितांनी ती मागाहून खोचली.

'डेट' (कर्ज) फ्रेंचमधून आला तो बी-शिवाय. पंधराव्या-सोळाव्या शतकात लॅटिनचं खूळ भरात असताना मूळ लॅटिन 'देबितुम' दिसावं म्हणून बी घातला. 'डाउट'मधला बी तसाच, 'रिसीट'मधला पी तसाच. गंमत म्हणजे 'डिसीट' आणि 'कन्सीट' त्याच घरातले, त्यांना पी मिळाला नाही. आणि काही ठिकाणी पंडित चक्क चुकले. 'आयलंड' अस्सल जर्मानिक (इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातला) शब्द, जुनं रूप 'ईयलंड'. लॅटिन 'इन्सुला'वरून आलेल्या फ्रेंच 'आइल'शी त्याचं नातं आहे असं समजून त्यात एस घातला. शून्य नातं. 'सिझर्स'मधला सी-ही अशाच चुकीच्या व्युत्पत्तीचा.

छापखान्याचा वाटाही मोठा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. त्याची उमेदीची वर्षं फ्लेमिश भाषेच्या मुलखात, आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये गेलेली, कामगारही तिकडच्या वळणाचे. 'घोस्ट' जुन्या इंग्रजीत 'गास्त'. जी-नंतरचा एच फ्लेमिश सवयीने शिरला असं मानतात. युरोपातून आलेल्या खिळ्यांमध्ये थॉर्न हे अक्षर बहुधा नसेच. हस्तलिखितात ते वाय-सारखं दिसू लागलं होतं, म्हणून वाय-चा खिळा लावून काम भागवलं. जुन्या ढंगाच्या दुकानांवर 'ये ओल्ड शॉप' अशी पाटी असते ना, तो 'ये' नाही. तो 'द'च आहे. 'ये' असा उच्चार त्या काळी कोणी केलेला नाही.

तसाच बळी 'योख' या जुन्या अक्षराचा (आवाज 'य' किंवा घशातल्या 'ख'सारखा). स्कॉटलंडमध्ये ते झेड-ने छापलं गेलं, म्हणून तिथलं आडनाव लिहायचं 'मेंझीझ' आणि परंपरेने म्हणायचं 'मिंगिस'.

वेलांटी

दुरुस्ती मान्य. 'शिळं' आणि वर पंडिती फोडणी, असं म्हणू.

ओसरी_९

एक बाळबोध शंका. इंग्रजी लॅटिनपासून निघाली असं आम्हाला शिकवलं होतं. आणि काही जण तर सगळं संस्कृतातून निघालं म्हणतात. खरं काय?

मूळधातू

दोन्ही नाही. लॅटिन, संस्कृत आणि इंग्रजीची जर्मानिक आई या सख्ख्या-चुलत बहिणी. विल्यम जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच मांडलं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका अशा उगमातून आल्या असाव्यात, जो कदाचित आता उरलेला नाही.

नुसत्या शब्दसाम्यावर जाऊ नका, तिथेच लोक फसतात. नियमित बदल शोधायचा. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये तो नीट मांडला. मूळचा 'प' जर्मानिकमध्ये 'फ' होतो, 'त'चा 'थ', 'द'चा 'ट'. पिता–फादर, त्रि–थ्री, दश–टेन, द्वौ–टू. एखाद्या शब्दात दोन्हीकडे 'प'च दिसला तर आनंदू नका, बहुधा तो मागून उसना घेतलेला असतो. 'पेटर्नल' लॅटिनमधून आला म्हणून त्यात प, 'फादर' घरचा म्हणून त्यात फ.

या नियमाला एक अपवाद छळत होता. 'त'चा 'थ' व्हायला हवा, भ्राता–'ब्रोथोर' बरोबर जुळतं. मग पिता आणि माता यांचे जुने इंग्रजी शब्द 'फॅडर' आणि 'मोडोर' का? तिथे ड कुठून आला? १८७०च्या दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश माणसाने उत्तर काढलं आणि ते वैदिक स्वरांत सापडलं. 'भ्राता'चा उदात्त (म्हणजे आघात) 'भ्रा'वर आहे. 'पिता', 'माता' यांचा 'ता'वर. आघात आधीच्या अक्षरावर असेल तर 'थ' टिकतो, नंतरच्या अक्षरावर असेल तर घोष होऊन पुढे 'ड' होतो. जर्मानिक भाषांनी तो जुना आघात केव्हाच टाकून दिला होता, खुणा फक्त व्यंजनांत उरल्या होत्या. आजच्या 'फादर', 'मदर'मधला द हा पंधराव्या शतकाच्या आसपास पुन्हा बदललेला. जर्मनमध्ये मात्र 'फाटर', 'मुटर' आणि 'ब्रूडर' हा फरक अजून जिवंत आहे. इंग्रजीतलं 'वॉज' आणि 'वेअर'मधलं मूळचं स-र याच नियमाचं पिल्लू.

जाता जाता: 'दंत' आणि 'टूथ'. न कुठे गेला? फ्रिजियन-इंग्रजी गटात स, थ, फ यांच्या आधीचा अनुनासिक गळतो आणि स्वर दीर्घ होतो. जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूस', आपला हंस. जर्मन 'फ्युन्फ', इंग्रजी 'फाइव्ह'. आपणही दंत-चा दात केलाच की, न गेला आणि अ-चा आ झाला. दोन्हीकडे स्वतंत्रपणे.

शेवग्याची_शेंग

व्हायकिंग लोकांचं कोणीच काही बोललं नाही. 'स्काय', 'स्किन', 'एग' त्यांचे ना?

टाकबोरू

हो. ७९३ मध्ये लिंडिस्फार्नचा मठ लुटला, ८६५ला मोठी फौज उतरली, ८७८ मध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेडने त्यांना एडिंग्टनला हरवल्यावर पूर्व-उत्तर भागात डेन लोक स्थायिक झाले. गावांच्या नावात शेवटी 'बी' असेल (डर्बी, ग्रिम्स्बी, व्हिटबी) तर ती बहुधा त्यांची वस्ती.

ओळखायची युक्ती: जुन्या इंग्रजीतल्या 'स्क'चा 'श' झाला, नॉर्सचा, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेचा, 'स्क' राहिला. एकाच मुळातून 'शर्ट' घरचा, 'स्कर्ट' पाहुणा. पण खरा प्रभाव नामांचा नाही. 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामं नॉर्स आहेत. सर्वनामं सहसा कोणी उसनी घेत नाही. घरात एकत्र नांदल्याशिवाय असं होत नाही. दोन्ही भाषांची मुळं सारखी, प्रत्यय वेगळे. 'दगड' म्हणजे 'स्तान' हे कळे, पण 'स्तानस', 'स्तानेस', 'स्तानुम' यांतल्या शेपट्या अडत. शेपट्या झिजण्याचं हे एक कारण मानतात. उरल्या त्या दोन: 'स्तानस'वरून अनेकवचनी एस, 'स्तानेस'वरून षष्ठीचा एस.

अंड्याचा किस्सा कॅक्स्टननेच १४९०च्या एका प्रस्तावनेत दिला आहे. टेम्सवर वाऱ्यासाठी थांबलेल्या व्यापाऱ्यांपैकी एकाने किनाऱ्यावरच्या घरात 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण त्यालाही येत नव्हती. दुसऱ्याने 'आयरेन' मागितली तेव्हा तिला कळलं. 'आयरेन' घरचा शब्द, 'एग्ज' नॉर्स. छापणाऱ्याने यातलं कोणतं छापायचं, अशी कॅक्स्टनची तक्रार.

मूळधातू

फ्रेंचबद्दल एक सावधगिरी. 'गोठ्यात ऑक्स, ताटात बीफ' ही गोष्ट वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने घरोघरी नेली. पोराटोरांना सांगायला छान, पण 'बीफ' आणि 'मटन' हे शब्द पुढे कित्येक शतकं जिवंत जनावरालाही वापरत. वाटणी इतकी स्वच्छ बरीच उशिरा झाली.

त्याहून मजेदार म्हणजे फ्रेंच शब्द दोनदा आले: आधी नॉर्मंडीच्या बोलीतून, मग पॅरिसच्या. नॉर्मन 'व', पॅरिसचा 'ग': 'वॉर्डन' आणि 'गार्डियन', 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी'. नॉर्मन 'क', पॅरिसचा 'च': 'कॅच' आणि 'चेस', 'कॅटल' आणि 'चॅटल'. आपण दुकानात वॉरंटी आणि गॅरंटी यांतला फरक विचारतो तेव्हा खरं तर दोन फ्रेंच बोलींतला फरक विचारत असतो.

सी-एच पाहून शब्दाचं वय काढायचं असेल तर: 'च' असेल तर घरचा किंवा मध्ययुगीन फ्रेंच ('चीझ', 'चेअर'), 'श' असेल तर मध्ययुगानंतरचा फ्रेंच ('मशीन', 'शेफ'), 'क' असेल तर ग्रीक ('केमिस्ट', 'कोरस'). 'चीफ' आणि 'शेफ' एकच फ्रेंच शब्द, पाचशे वर्षांच्या अंतराने आलेला.

ओसरी_९

धन्यवाद, लख्ख प्रकाश पडला. मग इतकं कळत होतं तर सुधारलं का नाही? आपण १९६२ला नियम करून न बोलले जाणारे अनुस्वार काढून टाकलेच ना?

वेलांटी

आपल्याकडे साहित्य महामंडळाने नियम केले, शासनाने मान्य केले, पाठ्यपुस्तकं बदलली. इंग्रजीला असं मालक नाही. कोशकार नोआ वेब्स्टरने अमेरिकेत 'कलर'मधला यू काढला, 'सेंटर'च्या शेवटचं आर-ई उलटवून ई-आर केलं, ते चाललं. पण जिभेला टी-यू-एन-जी आणि बायकांना डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन लिहा म्हणाला, ते कोणी ऐकलं नाही. १९०६ला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने ३०० शब्दांची सोपी यादी सरकारी छापखान्याला पाठवली. त्याच वर्षी डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने ती उडवून लावली.

अडचण खरी आहे. कोणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायचं? लंडनवाला 'कार'मधला र म्हणत नाही, स्कॉट आणि बहुतेक अमेरिकन म्हणतात. दुसरं, 'साइन'मधला जी मुका आहे पण 'सिग्नल'मध्ये बोलतो, 'बॉम्ब'मधला बी 'बॉम्बार्ड'मध्ये. उच्चाराप्रमाणे लिहिलं तर ही नाती पुसली जातात.

खडूफळा

अवांतर: इंग्रजीत तू गेला आणि तुम्ही राहिलं, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. 'दाउ' म्हणजे तू (संस्कृत त्वम्चा भाऊबंद), 'यी' म्हणजे तुम्ही (यूयम्चा), आणि 'यू' हे 'यी'चं कर्मरूप. तेराव्या शतकापासून फ्रेंच रिवाजाने मोठ्यांना अनेकवचन सुरू झालं, मग ते सगळ्यांनाच लागू लागलं, सतराव्या शतकाच्या अखेरीस 'दाउ' प्रमाण बोलण्यातून बाद. म्हणून समोर एकच माणूस असला तरी क्रियापद 'आर'. बायबलमध्ये देवाला 'दाउ' आहे ते आदरार्थी नाही. आपण विठ्ठलाला अरे-तुरे करतो तसं.

शेवग्याची_शेंग

शेवटची शंका. 'गूस'चं 'गीस' होतं, मग 'मंगूस'चं 'मंगीस' का नाही? वर्गात एकाने विचारलं आणि मी विषय बदलला.

मूळधातू

कारण मंगूस आपला आहे. मराठी मुंगूसवरून इंग्रजीत गेला, सतराव्या शतकात. 'गूस–गीस', 'फुट–फीट', 'माउस–माइस' यांत स्वर बदलतो, कारण जुन्या जर्मानिकमध्ये अनेकवचनाच्या प्रत्ययात 'इ' होती: 'फोतिझ'. पुढच्या 'इ'च्या ओढीने आधीचा 'ओ' पुढे सरकून 'ए' झाला, मग प्रत्यय गळाला. हे सगळं लेखी इंग्रजी सुरू होण्याच्या आधी उरकलं होतं. हजार वर्षांनी आलेल्या मुंगसाला ती 'इ' कुठून मिळणार? त्याला साधा एस: 'मंगूसेस'. शेवटचं डबल ओ-एस-ई मात्र 'गूस'च्या नादाने लागलं आहे, म्हणून तुमचा विद्यार्थी फसला.